पाच मुलींची जिवती

"काकू, जिवतीच्या अंगाखांद्यावर खेळणारी ही सगळी पोरं मुलगेच का हो? एकसुद्धा मुलगी का नाही?"

क्षितिजाने हे विचारलं आणि सागरदीप सोसायटीच्या ऑफिसात पंखा सोडून सगळं थांबलं.

प्रश्न तसा तिच्या एकटीचा नव्हता. खिडकीबाहेर मेघना आणि हंसा टाचा उंचावून उभ्या होत्या, आणि पैज त्या दोघींनीच लावली होती. "आमच्यासमोर एवढी बडबडतेस ना, मग हिंमत असेल तर मनोरमाकाकूंना विचारून दाखव," असं हंसा म्हणाली होती आणि मेघनाने वर शेवपुरीची प्लेट लावली होती. मागच्या वर्षीची क्षितिजा असती तर शेवपुरीवर पाणी सोडून घरी पळाली असती. नववीपर्यंत ही मुलगी हजेरीला 'येस मॅम' म्हणायची तेही असं, की बाईंनी दोनदा तिची गैरहजेरी मांडली होती. पण यंदा जूनमध्ये शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत आयत्या वेळी एक मुलगी आजारी पडली, बाईंनी हिला पुढे ढकललं आणि स्टेजवर उभं राहिल्यावर क्षितिजाला शोध लागला: आपल्याला आवाज आहे! आणि तो चांगला मोठा आहे! तेव्हापासून ती तो सगळीकडे वापरून बघत होती. नवी सायकल मिळालेलं पोर जसं समोरच्या दुकानातून दुधाची पिशवी आणायलाही सायकलवरच जातं, तसं.

टेबलावर मागच्या वर्षीचा जिवतीचा कागद पसरलेला होता. श्रावण लागला की देवघराशेजारच्या भिंतीवर चिकटवायचा, दर शुक्रवारी त्याला हळदकुंकू लावायचं, आघाडा-दुर्वांची माळ घालायची आणि त्याच्यापुढे पाटावर बसवून आईने आपल्या मुलांना ओवाळायचं, तो कागद. वर नरसिंह आणि कालियावर नाचणारा कृष्ण, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती, आणि मधोमध मुलांना सांभाळणाऱ्या जरा आणि जिवंतिका. एक पाळणा हलवतेय, दुसरीच्या अंगावर पोरंच पोरं. यंदा हे कागद कुठून आणायचे यासाठीच महिला मंडळाची बैठक होती, कारण मागच्या वर्षीची छपाई इतकी फिकट होती की बृहस्पती कुठे संपतात आणि वाघ कुठे सुरू होतो तेच कळत नव्हतं.

मनोरमाकाकू मंडळाच्या अध्यक्ष. दोन मुलगे, एक पुण्याला, एक दुबईला, आणि दोघांचेही पगार बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पाठ. त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला.

"सुरुची, तुझी लेक बोलायला लागली की गं!"

बायका हसल्या. क्षितिजाची आईही हसली, तिचं ते नेहमीचं, ओठ न उघडता.

"उत्तर द्या ना काकू."

"अगं, मुलींना काय धाड भरलीय? मुली कशाही वाढतात. पाणी घातलं तरी वाढतात, नाही घातलं तरी वाढतात. मुलग्यांना जपावं लागतं. म्हणून जिवती." एवढं बोलून काकूंना वाटलं, मुलगी गप्प बसेल. ती बसली नाही, तिथेच टेबलाला धरून उभी राहिली, तेव्हा काकूंनी पुढचं वाक्य टाकलं. "आणि एवढ्या मुली पाहिजेत तर तूच काढ की! ड्रॉइंगची परीक्षा दिलीयेस ना? हात कोणी धरलाय तुझा?"

पुन्हा हशा.

"काढते," क्षितिजा म्हणाली.

शेवपुरी तिने त्याच संध्याकाळी वसूल केली, पण तोंडात फक्त तिखट लागलं. मुली कशाही वाढतात! म्हणजे आम्ही काय रस्त्याकडेचा टाकळा? तिला आठवायला लागलं तसे सगळे श्रावण आठवले. दर शुक्रवारी आई तिला पाटावर बसवून ओवाळायची, सवाष्ण म्हणून आलेली एखादी बाई बघत असायची आणि दूध पिता पिता हमखास म्हणायची, "एकच का गं? आणि तीही..." वाक्य तिथेच सोडायची. त्या सोडलेल्या वाक्यावर आई ओठ न उघडता हसायची. लहानपणी क्षितिजाला वाटायचं, आईला दूधफुटाणे देताना हसू येतं. आता कळलं कसलं हसू ते, आणि कळल्यावर अंगाचा नुसता तिळपापड झाला.

चित्राला बारा दिवस लागले. तिने मोठा कार्ट्रिज पेपर आणला, जुन्या कागदावर स्केलने चौकोन आखले, तसेच मोठे चौकोन नव्या कागदावर आखले आणि एकेक चौकोन उतरवायला बसली. क्लासहून आली की जेवणाच्या टेबलावर ठाण मांडायचं. पप्पांना तेवढे दिवस सोफ्यावर ताट घेऊन जेवावं लागलं. नरसिंह पटकन जमला, कारण रागावलेलं तोंड काढायला तिला त्या दिवसांत आरशात बघितलं तरी पुरत होतं. जिवंतिका मात्र जमेना. पहिला चेहरा सिरियलमधल्या सुनेसारखा झाला. दुसरा मनोरमाकाकूंसारखा, तो तिने खोडरबराने असा घासला की कागदाचं साल निघालं. चौथ्यांदा तिने समोर भाजी निवडत बसलेल्या आईकडे पाहिलं आणि न सांगता तिचीच हनुवटी घेतली. मग डोळे आपोआप आले.

आणि मुलं! मुलं काढताना तिला जी मजा आली ती काय सांगावी. नऊ मुलं काढली. पाच मुली आणि चार मुलगे. मुलगेही होते हं, ती काही कुणावर अन्याय करणारी नव्हती. दुसऱ्या मजल्यावरची, जिन्याच्या कठड्यावरून घसरणारी दोन वेण्यांची मुलगी पाळण्याच्या दोरीला उलटी लटकत होती. एकीचे पुढचे दोन दात पडलेले. एक देवीच्या पदरात तोंड खुपसून रडत होती, एक देवीची नथ ओढत होती. आणि देवीच्या बरोबर मांडीत, चार वर्षांची, पिवळ्या फ्रॉकमधली, दोरीने कानामागे बांधलेला जाडजूड चष्मा लावलेली एक मुलगी ऐटीत बसली होती. ती लहानपणीची क्षितिजाच, हे ओळखायला कुणाला चष्म्याची गरज नव्हती.

चित्र पूर्ण झालं त्या रात्री आई जेवणानंतर हात पुसत आली आणि उभीच राहिली. मग देवघरातल्या कुंकवाच्या कोयरीत तिने बोट बुडवलं आणि जिवंतिकेच्या कपाळावर टेकवलं. टेकवल्यावर दचकली.

"अगं बाई! चित्र खराब केलं का मी? हात आपोआपच गेला."

"राहू दे," क्षितिजा म्हणाली. "आता ती देवी झाली."

पप्पांनी, म्हणजे विलासरावांनी, फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. विलासराव सोसायटीचे सेक्रेटरी. ग्रुपवर एरवी टँकर कधी येणार आणि कुणाची गाडी कुणाच्या जागेत लागली यापलीकडे काही नसायचं, तिथे चाळीस जणांनी हात जोडले. आणि दोन दिवसांत बातमी आली की उमंगदादांना चित्र आवडलं. उमंगदादा म्हणजे वॉर्डातले भावी नगरसेवक. भावी ते चार वर्षं होते, पण बॅनरवर हसायची तयारी त्यांची पूर्ण होती. ते म्हणे वॉर्डात घरोघर जिवतीचे कागद वाटणार, दोन हजार, आणि तेही क्षितिजाच्याच चित्राचे!

"दोन हजार!" मेघना किंचाळली. "म्हणजे तू चार हजार भिंतींवर!"

"दोन हजार भिंती गं. गणितात नापास होशील."

क्षितिजाने पप्पांना एकच अट घातली. "चित्रातलं काही बदलायचं नाही. काही म्हणजे काहीच नाही."

"हो गं बाई," पप्पा म्हणाले. ते फोनवर होते.

यंदा श्रावणाचा पहिला दिवसच शुक्रवार. म्हणून बुधवारी संध्याकाळी वाटपाचा कार्यक्रम ठेवला. बिल्डिंगखालच्या पार्किंगमधून गाड्या हलवल्या, सतरंज्या पसरल्या, मंडप नको म्हणून नुसती झालर लावली. उमंगदादा पांढऱ्या कुर्त्यात आले, सोबत त्यांची आई, आगाशीच्या जुन्या वाडीवाल्या घरातल्या सत्यवतीआजी, नऊवारीत. नंदाखालहून रिचर्ड अंकल कागदांचे गठ्ठे घेऊन आले होते. त्यांचा छोटा प्रेस आहे. लग्नपत्रिका, चर्चची पत्रकं आणि दर श्रावणात जिवती, सगळं एकाच मशीनवर. जिवती छापायला घेतली की ते चपला दाराबाहेर काढतात, असं त्यांनी मागे क्षितिजाला सांगितलं होतं. आज मात्र ते तिच्या नजरेला नजर देत नव्हते.

मनोरमाकाकू प्रत्येक बाईला आधी हळदकुंकू, मग कागद, असं देत होत्या. आईला मिळाला. आईने तो उघडून बघायच्या आत क्षितिजाने ओढून घेतला.

खाली बुध आणि बृहस्पती नव्हते. हत्ती नव्हता, वाघ नव्हता. तिथे एक भगवी-निळी पट्टी होती आणि तिच्यात हात जोडून हसणारे उमंगदादा. 'समस्त माता-भगिनींना श्रावणाच्या शुभेच्छा.'

तिने दात आवळले. ठीक आहे. मग तिची नजर वर गेली, देवीच्या मांडीवर.

मांडीवर चष्मा होता. जाडजूड, दोरीने बांधलेला. पण तो एका गोटा केलेल्या, शेंडी ठेवलेल्या मुलाच्या नाकावर होता. पिवळ्या फ्रॉकची लंगोटी झाली होती. पदरात रडणारी मुलगी मुलगा झाली होती, नथ ओढणारी मुलगा झाली होती, दात पडलेलीला सगळे दात आले होते आणि तोही मुलगा होता. दोरीला लटकणारी मुलगा होऊन पाळण्यात पडली होती. नऊच्या नऊ मुलगे. आणि ज्याने कोणी हे केलं त्याच्या घाईत एक गोष्ट राहून गेली होती. पाळण्याच्या दोरीला एक वेणी लोंबत होती, लाल रिबिनीसकट. तिच्यावर डोकं नव्हतं. आईच्या बोटाचं कुंकू तेवढं जिथल्या तिथे छापलेलं होतं.

क्षितिजाच्या कानात रक्त असं वाजायला लागलं की समोर माईकवर कोण काय बोलतंय ते ऐकू येईना.

"मुली कुठे गेल्या?" ती म्हणाली.

"शू," काकू म्हणाल्या. "दादांचं भाषण चाललंय."

"माझ्या मुली कुठे गेल्या काकू?" हा आवाज स्टेजवरचा होता. पार्किंगच्या छताला आपटून तो परत आला. उमंगदादांनी माईक तोंडापासून लांब धरला.

"अगं, जिवती शेवटी कशासाठी पुजतात?" काकू हळू, समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "लोकांच्या घरात जाणार आहे ते. तुझी हौस भागली ना चित्र काढायची? देव्या तुझ्याच आहेत. थोडी दुरुस्ती केली, बस."

"दुरुस्ती? मुलगी म्हणजे काय चूक आहे का?"

"काय बोलतेय बघा! सुरुची, घे तिला."

आई हलली नाही. ती कागदाकडे बघत होती.

उमंगदादा माईक बाजूला ठेवून खाली आले. चेहऱ्यावर तेच बॅनरवालं हसू. "बाळा, कलाकार रागीटच असतो, मला माहितेय. पुढच्या वेळी तुझंच मोठं प्रदर्शन लावू आपण. आता एक फोटो काढू या, ये. कागद हातात धर."

फोटो! क्षितिजाने कागद हातात धरला, पण त्यांच्याकडे तोंड करून. आणि तो तसा समोर धरल्यावर तिला जे दिसलं ते एवढ्या बायकांपैकी एकीलाही कसं दिसलं नव्हतं, देव जाणे.

"उमंगदादा, परवा शुक्रवारी दोन हजार बायका या कागदाला माळ घालणार. खिळा वर, माळ खाली. ती कुठवर लोंबते माहितेय? बरोब्बर इथवर." तिने बोट त्यांच्या छापील कपाळावर ठेवलं. "जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतात का आपल्यात?"

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं, कारण सत्यवतीआजी उठल्या होत्या.

"काय म्हणाली ही? हार?"

"आणि हळदकुंकू," क्षितिजा म्हणाली. आता ती थांबणार नव्हती. "दर शुक्रवारी. आणि श्रावण संपला की या कागदाचं विसर्जन करतात."

"अरे माझ्या कर्मा!" आजींनी कपाळावर हात मारला. "उमंग! अरे मी चाळीस वर्षं तुझ्यासाठी जिवती पुजतेय, आणि तू स्वतःचा फोटो लावून घेतलास त्या कागदाला? दोन हजार घरांत माझ्या एकुलत्या एका लेकाला हार? विसर्जन? कोणाच्या डोक्यातून निघालं हे? काढा! एक कागद घरी जायचा नाही. दिलेले परत घ्या! ए बाई, इकडे आण तो!"

उमंगदादांचं हसू असं उतरलं की चेहरा ओळखू येईना. कुर्त्याच्या कॉलरशी दोन बोटं घालून ते सोबत आलेल्या मित्रमंडळाकडे बघायला लागले. मित्रमंडळ सतरंजीकडे बघायला लागलं. मनोरमाकाकू पहिल्यांदा घाईघाईत दिसल्या. "चुकलं हो आजी, लक्षातच नाही आलं. आता काय करायचं, रिचर्ड?"

"खालची पट्टी उडवता येईल," रिचर्ड अंकल म्हणाले. "कटिंगला घातलं की अर्ध्या तासाचं काम. उद्या सकाळी आणून देतो."

"उडवा, उडवा!" उमंगदादा म्हणाले. "लगेच उडवा."

अर्धा तास! क्षितिजा बघत राहिली. एका माणसाच्या फोटोला हार पडेल म्हणून एका मिनिटात सगळं पार्किंग हललं. दोन हजार कागद कापायला निघाले. कुणी म्हणालं नाही, एवढं काय त्यात.

"आणि मुली?" तिने विचारलं.

"आता मुलींचं काय आणखी?" काकू वैतागल्या. "तुझं एक ऐकलं ना?"

"माझं नाही ऐकलं. आजींचं ऐकलं. आता माझं ऐका. कागद कापायला जाणारच आहेत तर पुन्हा माझं चित्र छापा."

"परवा शुक्रवार आहे बाळा," उमंगदादा म्हणाले. जिवात जीव आल्यावर त्यांना आवाजही आला होता. "वेळ कुठेय? आणि हे बघ, मी काही मनाने केलेलं नाही. महिला मंडळाने दुरुस्त्या सुचवल्या, त्या आम्ही रीतसर तुझ्या पप्पांना पाठवल्या. त्यांचा ओके आला. विचार हवं तर."

क्षितिजाने रिचर्ड अंकलकडे पाहिलं. तो माणूस खोटं बोलणार नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

"मी दोनदा विचारलं होतं, बाय," ते म्हणाले. "म्हटलं, पोरीने एवढ्या मुली काढल्यात, पुसायच्या नक्की? तुझ्या पप्पांचा अंगठा आला. मग मशीन चालू केलं."

पप्पा पाण्याच्या टाकीपाशी उभे होते. अंगठा वर केलेलं ते पिवळं चित्र पाठवायला माणसाला एक सेकंद लागतो. बारा दिवस, आणि एक सेकंद. क्षितिजाला रडू यायला हवं होतं, पण रडूसुद्धा रागाने आत अडकून बसलं. हातातला कागद आईच्या हातात कोंबून ती लिफ्टची वाट न बघता चार मजले चढून गेली.

आई-पप्पा वर आले तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी उभी होती. कपाटावरून मूळ चित्र काढून तिने समोर उलगडून ठेवलं होतं, चार कोपऱ्यांवर चार वाट्या.

"क्षितू, ऐकून घे," पप्पांनी सुरुवात केली. "उमंग आपल्या सोसायटीला पाण्याची लाईन मिळवून देणार आहे. तीन वर्षं फाईल फिरतेय. रोज टँकर. तळमजल्यावरचे म्हातारे बादल्या उचलतात, तू बघतेस. अशा वेळी मी त्याला सांगू, की माझ्या मुलीच्या चित्रातल्या वेण्या पुसू नका म्हणून?"

"हो! सांगायचं!"

"मोठं झाल्यावर कळेल तुला."

"मला आत्ताच कळलंय. त्याच्या फोटोला हार पडणार म्हटल्यावर आजी ओरडल्या. मुली पुसल्या तर कोण ओरडलं? माझे पप्पा ओरडायला हवे होते ना? जिवतीच्या कहाणीत सुईण बाळ पळवते आणि आईपुढे वरवंटा ठेवते. ती निदान परकी बाई होती, पप्पा!"

"आवाज खाली."

"नाही होणार. एवढी वर्षं खालीच होता."

पप्पांनी आईकडे पाहिलं. नेहमी अशा वेळी आई "जाऊ दे गं" म्हणायची आणि गॅसकडे वळायची. आज ती हातातली पिशवी घेऊन दारातच उभी होती. पिशवीतून गुंडाळीचं टोक दिसत होतं. सगळ्यांचे कागद परत घेतले, हिने दिला नव्हता.

"तुम्ही मला का नाही दाखवलंत?" तिने पप्पांना विचारलं.

"तू नको म्हणाली असतीस."

"मग?"

पप्पांनी खुर्ची ओढली आणि ते बसले. समोर चित्र होतं, बसल्यावर ते बघावंच लागत होतं. त्यांनी चष्म्यावाल्या मुलीकडे एकदा पाहिलं आणि नजर वाटीकडे नेली.

आईने कागदाची गुंडाळी बाहेर काढली. "हा आता घरात आलाय, कुंकू लागलंय याला," ती म्हणाली. "फाडता यायचा नाही, क्षितू. काही झालं तरी देवी आहे."

"फाडू नकोस. त्यात देवीचा काय दोष?" क्षितिजा म्हणाली. "देवघराखालच्या कपाटात ठेव. पण भिंतीवर लागणार नाही."

"हे कोण ठरवणार?" पप्पा म्हणाले.

"मी. चित्र माझं आहे, आणि ज्याच्यासाठी पूजा करतात ते मूलही मीच आहे. म्हणून मी ठरवलंय, आणि तुम्ही दोघं ऐकून घ्या." तिने टेबलाची कड धरली. "उद्या शाळेला जायच्या आधी मी खालच्या नोटीस बोर्डवर लिहून लावणार की वाटलेल्या कागदावरचं चित्र माझं नाही, माझं चित्र चौथ्या मजल्यावर आमच्या घरी आहे, ज्यांना बघायचंय त्यांनी यावं. खाली माझं नाव, इयत्ता, फ्लॅट नंबर. पप्पा, उद्या उमंगदादांनी लाईन अडवली तर तुम्ही सगळ्यांना माझं नाव सांगा, लपवू नका, मी उत्तर देईन. आणि आई, परवा सकाळी या भिंतीवर हे चित्र लागेल, पाच मुलींसकट. त्याच्यापुढे तू मला ओवाळणार असशील तर मी आंघोळ करून, नवा ड्रेस घालून बसते. तो नऊ मुलग्यांचा कागद लावणार असाल, तर माझ्यासाठी पाट मांडू नका. मी बसणार नाही."